चौदावी ओळ

हॉलंड, मिशिगन. सरोवरावरून आलेला बर्फ
पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांना
एकाच मापाची खोळ घालतो.
आत मी पुढल्या तीन वर्षांचे
सनव्हायझर मोजतोय:
आरसा असलेले, नसलेले,
आरशापाशी दिवा लागणारे.

फाईल हार्लन व्हिसरची. निवृत्त होताना
त्याने ती माझ्या हवाली केली, वर एक सल्ला:
चौदावी ओळ पुसू नकोस.
चौदावी ओळ, ॲशट्रे.
मागणी शून्य, शून्य, शून्य,
दोन हजार सातपासून.
पुसली की खालची सगळी गणितं कोलमडतात,
कपहोल्डरपासून आर्मरेस्टपर्यंत.

दर गुरुवारी अंदाज जातो.
मी तीन टक्के कमी लिहिले
की शिवणखात्यात ऑफेलियाची
शनिवारची पाळी जाते.
कॉफीच्या यंत्रापाशी ती विचारते,
"पुढचं कसं दिसतंय?"
मी बर्फाबद्दल बोलतो.

परवा माझी गाडी सुरूच होईना.
हार्लनने त्याच्या जुन्या ट्रकमधून सोडलं.
सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने
डॅशबोर्डातून ॲशट्रे ओढला,
आत काठोकाठ पेपरमिंटच्या गोळ्या,
चर्चमध्ये प्रवचन लांबलं तर लागतात म्हणे.
"घे."
जन्मात सिगरेट ओढली नाही या माणसाने.

आज गुरुवार. पाठवण्याआधी
चौदाव्या ओळीत मी एक लिहिला.
खालचे आकडे जरासे हलले,
झोपेत कुणी कूस बदलावी तसे.
तोंडातली गोळी विरघळेपर्यंत
राहू दिला.