उघाडी

इलियास हजवाने, वय एकेचाळीस, वजन चौसष्ट,
मुक्काम हिद्द, बहारीन. मूळ खाडीपट्टा, तालुका खेड.
फॉर्मवर एवढंच.
बाकीचं मला त्याच्या रक्ताने सांगितलं,
तुकड्यातुकड्याने, रात्रपाळीत.

प्लेटलेट बावीस हजार.
स्लाइड पुन्हा केली मी.
यंत्रावर विश्वास नव्हता म्हणून नाही,
आडनाव आमच्याकडचं होतं म्हणून.

डेंग्यू नाही. मलेरिया नाही. लेप्टोही नाही.
डोळे लाल, कंबर मोडलेली,
लघवीत आधी प्रथिनं, मग लघवीच नाही.
डॉक्टर मन्नाईंनी स्टूल ओढलं, त्याच्या उशाशी बसल्या,
मला म्हणाल्या, तुझी भाषा आहे, तूच विचार:
गेल्या दोन महिन्यांत उंदीर कुठे भेटले?

एकशे तीन तापात हसला तो.
"कुठे भेटत नाय ताई?
पण चावला नाय हो एकपण."

चावावं लागत नाही.

पशुखाद्याचं गोदाम, उन्हाळाभर कुलूप.
उद्या तपासणी, आज झाडून काढ, मुकादम म्हणाला.
पाणी मारू का, याने विचारलं होतं.
पोती भिजतील, असं उत्तर आलं.
मग कोरड्या फरशीवर कोरडा झाडू,
आणि पत्र्याच्या भोकातून आत घुसलेला उन्हाचा दांडा,
त्यात धूळ वर चढत होती, पिवळीधमक.
"जरा थांबलो ताई. बरं वाटत होतं बघायला."

त्या पिवळ्यात उंदरांचं वाळलेलं मूत होतं.

नंतर पंचवीस दिवस काही नाही.
जेवला, नमाज पढला, पैसे पाठवले,
पोरीला दहावीत अठ्ठ्याऐंशी टक्के पडले म्हणून
खोलीतल्या नऊजणांना बर्फी वाटली.

उंदराला काही होत नाही.
त्या दोघांचं फार जुनं भाडेपत्र आहे,
ना थकबाकी, ना भांडण.
आपल्याशी अजून बोलणीच झालेली नाहीत.

हे त्याला कसं सांगायचं?
म्हटलं, तुमच्याकडे खारबंदिस्ती आहे ना?
बांध, बांधाला उघाडी,
भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते,
म्हणून भात गोड राहतं.
तुझ्या अंगात तसे बांध आहेत, केसाहून बारीक.
हा किडा खेकड्यासारखा बांधातच राहायला आला.
फोडलं काही नाही त्याने. नुसता राहिला.
गावाला उशिरा कळलं.
मग अख्खं गाव धावलं, रात्री, पहारी घेऊन, कंदील घेऊन,
सगळे एकदम बांधावर,
आणि त्या पायांखाली बांध खचला.

तो बराच वेळ छताकडे पाहत होता.
"म्हणजे माझंच रगत माझ्यावर उठलं?"

उठलं नाही रे. धावलं.

रिपोर्टात यातलं काही लिहिता येत नाही.
अँटिबॉडी: पॉझिटिव्ह. खाली माझी सही.

चार वेळा डायलिसिस.
दोनदा मी घरी जायला निघाले आणि परत वर आले.
बाराव्या दिवशी लिजी नर्स वॉर्डातून ओरडली,
तीनशे मिली!
असा आनंदाचा आकडा मी कुणाच्या पगाराचाही ऐकला नव्हता.
मग दोन लिटर, मग पाच,
बांधाआत तुंबलेली सगळी खाडी उलटी निघाली.

मन्नाई म्हणाल्या, ते पहारेकरी आता वर्षानुवर्षं राहतील रक्तात.
मुकादमही राहिला. त्याची कुणी तपासणी केली नाही.

परवा फोन आला.
"आता आधी ब्लीचचं पाणी मारतो ताई, अर्धा तास ठेवतो,
मग फडक्याने पुसून घेतो. झाडू हातात घेत नाय.
तो ओरडतो. ओरडू दे."
आणि तो उन्हाचा दांडा?
"येत असेल. दिसत नाय आता.
नुसता फरशीवर ठिपका पडतो,
चार आण्याएवढा."