दोन खांबांच्या मध्ये

शेवटच्या दृश्यात पाळणा थांबतो.
चिआतुराच्या दरीवर, क्विरिलाच्या काळ्या पाण्यावर,
दोन खांबांच्या मध्ये, अधांतरी.
आत नातेला, मांडीवर निळी सुटकेस,
तोंड ना वरच्या धक्क्याकडे ना खालच्या.
मग अंधार. मग नावं.

एकतीस वर्षं गाव त्यावरून भांडतंय.
ग्रामितोन म्हणतो, ती परत गेली.
बावीस वर्षं तो याच पाळण्यातून खाणीत गेला,
दोर कसा थरथरला की पाळणा कुठे निघाला
हे त्याच्या तळपायांना कळतं.
त्याची बायको म्हणते,
तुझ्या तळपायांना घरचा रस्ता तरी कळतो का रात्रीचा?
तिबिलिसीहून एक चष्मेवाला आला होता.
त्याने फळ्यावर पाळणा काढला,
खाली लिहिलं : देश.
खाणवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं,
ते ठीक, पण पोचली का ती?

दिग्दर्शक बाद्री नुसता हसायचा.
झाकली मूठ.

मी पाटी वाजवणारा पोर होतो, मला ठाऊक होतं,
त्याच्या वहीत सगळं सरळ लिहिलेलं :
वरच्या धक्क्यावर एक माणूस, हातात आलुबुखारांची पिशवी,
मिठी, समाप्त.
त्या माणसाला पैसेही देऊन झाले होते.
आलुबुखार आम्ही खाल्ले.
कारण वीज गेली.
चाळीस मिनिटं. कॅमेरा बॅटरीवर चालूच राहिला,
बंद कर म्हणायचं कुणाला सुचलं नाही.
रीळ संपलं की दुसरं चढवत होते.
नातेला आधी वैतागली, मग रडकुंडीला आली,
मग तिच्या चेहऱ्यावरून नातेलाच उतरून गेली
आणि जे उरलं ते कुणाच्याही मालकीचं नव्हतं.
बाद्रीने ते पाहिलं,
वहीची शेवटची दोन पानं फाडली
आणि त्यांनी सिगरेट पेटवली.

इथवर मी सगळ्यांना सांगत आलो.

बाद्रीच्या चाळिसाव्या दिवशी, लांब टेबलाच्या टोकाला
लामारा शेजारी बसली होती. तेव्हा खालच्या धक्क्यावर
यंत्र तीच चालवायची; आता गुडघे गेलेत.
ब्रेड मोडता मोडता म्हणाली,
वीज गेलीच नव्हती.
मग?
ब्रेकवर माझा हात होता.
मुद्दाम?
खालून ती पोर एवढीशी दिसत होती, म्हणाली.
वाटलं, थांबवावी जरा.
नाहीतर हात घसरला असेल.
दांडा गार होता, तेवढं आठवतं.

घसरलेला हात चाळीस मिनिटं?
मी विचारलं नाही.
पलीकडून ग्रामितोन ओरडला, परत गेली!
टेबलभर पुन्हा तेच सुरू झालं,
मेलेल्याच्या नावाने भरलेले पेले तसेच राहिले.

आणि सुटकेस? मी म्हटलं.
पाळण्यातच विसरली ती.
माझ्याकडे आहे.
रिकामीच होती,
कांदे ठेवते मी त्यात.