तेरडा

दर गुरुवारी ओढ्याकाठी सात माणसं.
इशबेल पुढे, गुडघ्याला पट्टा बांधून:
"खालच्या पेराखाली मोड.
नाहीतर पडल्यापडल्या मुळं धरतो."

उपटायला सोपा.
ओळख असल्यासारखा हातात येतो.

आमच्याकडे म्हणतात, तेरड्याचा रंग तीन दिवस.
इथे स्कॉटलंडात, हिमालयाचं नाव लावून,
त्याने आख्खा काठ गिळलाय;
हिवाळ्यात उघडी माती
पाण्याबरोबर चालती होते.

टॉर्क्विलचं कोपर एका पिकल्या बोंडाला लागलं.
फट्!
चष्म्यावर बिया.
कुणी हसलं नाही. मग सगळेच.

चहाच्या वेळी इशबेल थर्मासकडे बघत म्हणाली,
"या ओढ्यावर पहिलं रोप आईने आणलं.
बादलीतून.
फुलं आवडायची तिला."

हातमोजे चढवले.
वरच्या वळणावर अजून
गुलाबी दिसत होतं.