हातभर वायर

केरीच्या दूध सोसायटीचं पॅनल मीच बसवलं होतं.
वायर कडेकडेनं, काटकोनात, दर चार बोटांवर टाय,
आणि तळाशी दोन वेढ्यांची गुंडाळी,
हिरवी-पिवळी, निजलेल्या नानेटीसारखी.
उद्या लागली तर असावी.
वडिलांनी शिकवलेलं: वायर कापताना
जीव थोडा मागे ठेवावा.

सचिव सुलक्षाबाईंनी तर फोटो काढला होता.

मग आश्विनातली ती संध्याकाळ.
देवळामागं पोरं नरकासुराला कागद डकवत होती,
वाघेरीवर काळं दाटलं
आणि एकच.
पाऊसही नव्हता अजून. उजेड आणि आवाज,
मधे मोजायला आकडाच नाही.

एकशे ऐंशी लिटर दूध
रात्रभर कूलरमध्ये उभं राहून नासलं.
कंट्रोलरची पाटी काळी,
आणि अरेस्टरची इवलीशी खिडकी
हिरवीच.
आपलं काम आपण केलं, असं म्हणणाऱ्या
कारकुनासारखी.

मी मीटर लावला. अर्थ उत्तम.
जांभा फोडून केलेला खड्डा, कोळसा, मीठ,
वर दर शनिवारी बादलीभर पाणी.
वायर माझ्या करंगळीएवढी जाड.
मीटर म्हणाला, शून्याच्या जवळ.

कुडचड्याहून कायतान मास्तर आले.
खाणीच्या पंपांवर तीस वर्षं काढलेला माणूस,
मीटरकडे बघेचना.
खिशातून शिंप्याची टेप काढली.
‘जाडी पुरो रे. लांबी कितली?’
अरेस्टरपर्यंत सव्वा मीटर,
तिथून अर्थबारला, वेढे धरून, सव्वादोन.
ते हसले नाहीत.
‘तुजो मीटर चलत वता. ती धांवता.’

धावणाऱ्याला वळण म्हणजे भिंत.
मीटरभर वायरीवर हजारेक व्होल्ट
नुसते ताटकळत उभे राहतात,
आणि जिला आपण मागचं दार दाखवलं
ती दारातली गर्दी बघून
सरळ स्वयंपाकघरात शिरते.

माझे काटकोन. माझे टाय.

दुपारभर खपलो. अरेस्टर खाली आणला,
अर्थबारच्या कुशीत.
फेजची वायर आधी त्याच्या उंबऱ्यावर नेली,
मग तिथूनच कूलरकडे, म्हणजे फाटा नको.
अर्थला विणलेली तांब्याची पसरट पट्टी.
सगळं मिळून हातभर, त्यातही चार बोटं कमी.
आता पॅनल तिरकं दिसतं, घाईत नेसल्यासारखं.
सुलक्षाबाईंनी फोटो काढला नाही.

रविवारी सभा.
रात्रभर मी बोलणं जुळवलं होतं:
ढग, खात्याचा ट्रान्सफॉर्मर, कंपनीचा माल,
होंड्याच्या दुकानदारानं दिलेली खात्री,
आणि असं वळत वळत शेवटी कुठेतरी मी.
उभा राहिलो. भिकारो गावस पुढच्या बाकावर,
त्याचं अकरा लिटर होतं त्यात.
म्हटलं, ‘वायर लांब ठेवली. चूक माझी.’
आणि बसलो.
पंखा तेवढा फिरत होता.
भिकारो म्हणाला, ‘बरं. मग सकाळचं दूध आणू ना?’

कापलेले वेढे टाकवेनात. घरी आणले.
मिरीचा वेल पोफळीवरून सुटत होता,
त्याला बांधले, दोन फेरे, सैलसर.
वडील ओसरीवरून बघत होते.
म्हणाले, ‘बघ.
लागते की नाही उद्या?’