पोय

माडाला कलम होत नाही.
आंब्याला होतं, काजूला होतं,
जास्वंदीची तर फांदी खोचली तरी लागते.
माडाला शेंडा एकच.
तो गेला की माड गेला.
हे बाबांनी सांगितलं होतं मला,
कॉलेजात शिकण्याच्या कितीतरी आधी,
खाली पडलेले नारळ मोजताना.

तोंडवळीला पास्कू डिसोजाच्या बागेत
खाडीकडे कललेला एक माड आहे.
दर उधाणाला मुळांखालची थोडी वाळू जाते.
तसलं शहाळं पंचक्रोशीत नाही.
त्याचे नारळ रुजवले तर रोपं निम्मी बापावर जातात
आणि बाप कोण, ते वाऱ्याला ठाऊक.

बाबा चढले. बासष्टाव्या वर्षी,
पायात काथ्याचं वळं घालून.
न उघडलेली पोय कोयत्याने उतरवली
आणि ओल्या पंच्यात गुंडाळून
माझ्या हातात दिली.

बंदरामागे बर्फाचा जुना कारखाना,
आता तिथे आमची प्रयोगशाळा.
भिंती हातभर जाड, पावसाळ्यात अजून
बांगड्याचा वास सोडतात.
ज्योतीपुढे बसून मी पोय सोलते.
आत फुलं, जी अजून फुलं झालेली नाहीत,
तांदळाच्या कणीएवढी.
त्यांचे काप करायचे.

रापणीत सगळ्यांना सगळं येतं,
होडी वल्हवणं, जाळं सांधणं, मासळीचे वाटे घालणं.
तरी जो दोरीला लागला तो दोरीच ओढतो.
पेशीचं तसंच.
अख्खा माड येतो तिला, मुळापासून झावळीपर्यंत,
पण ती आपली पाकळीची दोरी धरून उभी.

तिच्या हातून दोरी सोडवायची,
एवढंच माझं काम.

त्यासाठी टू-फोर-डी.
हेच काका भातातल्या तणावर मारतात,
पंपाने, नाकाला फडकं बांधून.
इथे एका थेंबाचाही अंश,
कोळशाची पूड घातलेल्या काळ्या जेलीत.
मग अंधार. महिनोन् महिने अंधार.
आत कुठे काही जीन असतात म्हणे,
बी घडताना जागे होते,
नंतर घट्ट गुंडाळून निजवलेले.
पेडणेकर मॅडम फळ्यावर त्यांची नावं लिहितात, अक्षरं आणि आकडे.
मी रात्रपाळीला दार ढकलून नुसतं म्हणते,
उठा रे.

गाजराच्या पेशींना शहाळ्याचं पाणी पाजून
लोकांनी केव्हाच गर्भ धरायला लावले.
माड स्वतः मात्र बधत नाही.
जगाची पोरं वाढवणारी दाई,
घरच्या बाबतीत हट्टी.

तीनशे नळ्या.
दोनशे सहासष्ट तपकिरी पडल्या.
काहींत बुरशी.
वीज गेली त्या रात्री आणखी अकरा.
मी वहीत नुसत्या फुल्या मारत गेले.

सातव्या महिन्यात, एकशे एकोणतीस नंबरच्या नळीत,
ओबडधोबड गाठीच्या कडेला
भिजलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी.
ना फूल, ना पान.
कुणी फळवलेलं नाही, कसला परागही शिवलेला नाही.
एका पाकळीने पाकळी असणं सोडलं होतं
आणि ती पहिल्यापासून सुरू झाली होती.
मॅडमनी भिंगातून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

बाबांना बोलावलं. पाय धुऊन, टोपी घालून
ते आत आले, देवळात येतात तसे.
बराच वेळ पाहत राहिले.

"ह्येचो बापूस कोण?"
"बापूस नाय."
"आणि आवस?"
"आवस तोच माड."
मग मलाच पटेना. "आवस नाय म्हणता येणा.
ह्यो तोच माड."

ते काही बोलले नाहीत.
नळी उचलली, कानाशी नेली
आणि हळूच हलवली,
आयुष्यभर नारळ हलवले तशी.
मला ओरडायचं होतं. ओरडले नाही.

"अजून पाणी धरूक नाय,"
म्हणाले,
आणि नळी परत स्टँडमध्ये ठेवली,
चुकीच्या भोकात.