मार्चअखेर

एकतीस मार्च, रात्रीचे पावणेदहा.
विश्रांतवाडीच्या फाट्यावरून शेवटची बस गेली असावी.
मी पावत्या पसरून बसलेय
जेवणघराच्या त्याच टेबलावर,
जिथं मघाशी वरणाच्या वाट्यांचे गोल उमटले होते.

बोहरी आळीची पावती: उवांच्या फण्या, तीन डझन.
कंपनीच्या फॉर्मात उवांना रकाना नाही.
'आरोग्य व स्वच्छता'त टाकते.
व्हरांड्यात रात्रभर जळणारा दिवा 'पायाभूत सुविधा'त.
गादीवर घालायचं रबरी कापड, नऊ मीटर,
ते कशात?
'शैक्षणिक साहित्य' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
कोरड्या अंथरुणात उठलेलं पोर
पहिल्या तासाला हात वर करतं,
हे मी पाहिलंय, ऑडिटरनं नाही.

खराडीहून दरवर्षी माणसं येतात.
एकसारखे पिवळे टी-शर्ट, शनिवारची सकाळ, ब्रश.
रस्त्यावरून दिसणारी भिंत मात्र आमच्याकडे एकच.
पहिल्या कंपनीनं जिराफ काढला.
दुसरीनं त्यावर सूर्यमाला.
यंदा जहाज, निळं, शिडावर त्यांचं नाव.
मी म्हटलं होतं, रंग नको, छताला पत्रे द्या.
पत्रे फोटोत येत नाहीत
असं कुणी म्हणालं नाही.
"बघू" म्हणाले.
तरी खोटं कशाला बोलू,
शाळेची फी त्यांची, वह्या त्यांच्या,
अनसूयेचा चष्मा त्यांचा,
आणि दोन वेळचा भातही.

सुभान नखानं भिंत खरवडायचा.
रोज जेवणानंतर, एकाच जागी.
जहाजाखालून शनीचं कडं निघालं,
कड्याखालून एक दिवस
जिराफाचा डोळा.
रागवायला गेले ती तिथंच उभी राहिले.
"बाई, हा आतच होता," तो म्हणाला.

फेब्रुवारीत त्याची आई सुटली,
येरवड्याच्या तुरुंगातून, चार वर्षांनी.
भेट तिनं कधी मागितलीच नव्हती.
हातात प्लास्टिकची पिशवी,
पायात दुसऱ्या कुणाच्यातरी चपला.
त्यानं ओळखलं नाही.
मग तिनं कानामागचा डाग शोधायला हात पुढं केला,
आणि यानं मान कलती केली,
रोजची सवय असल्यासारखी.
बालकल्याण समितीचा कागद, सही, शिक्का.
गेला. दप्तरासकट.

आता फॉर्म विचारतो:
वर्षारंभी लाभार्थी एकेचाळीस,
वर्षअखेर चाळीस,
फरकाचं कारण? शाळा सोडली, स्थलांतर, मृत्यू, इतर.
वर ठळक अक्षरांत शीर्षक: गळती.

गळती नळाला असते.
आमच्या छताला आहे, दोन ठिकाणी, खाली बादल्या.
आईचं बोट धरून फाटक ओलांडणाऱ्या पोराला
मी कोणत्या तोंडानं गळती म्हणू?

कंपनीच्या वृषाली काटकरांना फोन लावला.
त्याही अजून ऑफिसातच,
मागं कुणीतरी खुर्च्या सरकवून झाडत होतं.
"'इतर' लिहा ना."
म्हटलं, 'इतर'समोर जागा आहे एक इंच.
त्या गप्प. मग जरा हळू,
"शाळेत जातो का हो तो तिकडं?"
तिकडं म्हणजे लातूर रोड, मावशीचं घर,
याच्यापुढं मलाही माहीत नाही.
हा प्रश्न फॉर्मात कुठंच नव्हता.
तो त्यांनी स्वतःचा विचारला.

एक इंचात लिहिलं: आई आली.
शिल्लक नऊ हजार तीनशे चाळीस.
परत करायची की पुढं ओढायची, उद्या विचारीन.

व्हरांड्यात, पायाभूत सुविधेच्या उजेडात,
जहाजाच्या बुडाशी रुपयाएवढं भोक,
त्यातून तो डोळा, टक्क उघडा.
पुढच्या वर्षीच्या टी-शर्टांना सांगायला हवं,
तेवढं सोडून रंगवा.

स्टेपलरच्या पिना संपल्या.
त्यांचीही पावती लागेल.