अपेक्षित उत्तर

पाठ टाचणाच्या वहीत
पानाचे दोन रकाने आखायचे.
डावीकडे अध्यापक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती.
म्हणजे उद्या मुलं काय बोलतील
ते आदल्या रात्री आपणच लिहायचं,
होस्टेलच्या कॉटवर पालथं पडून, निळ्या शाईनं.
लाल शाई बडगुजर सरांची.

चोपड्याला पहिल्या वर्षी
मी एकवीस टाचणं लिहिली.
माझ्या उजव्या रकान्यातली मुलं फार गुणी होती,
कुणी गैरहजर नसायचं,
कुणाचं नाक वाहायचं नाही.
रंजना कोळी तर उत्तरं आधी लिहायची
आणि मग त्यांना शोभतील असे प्रश्न.

सराव एकमेकांवरच.
मिशीवाला सुभान तडवी दुसरीतला मुलगा होऊन
बोट वर करायचा, "बाई, शूला जाऊ?"
सहाव्या मिनिटाला घंटा.
हसू दाबणं हेही कौशल्यच,
पण त्याला गुण नव्हते.

मग आंतरवासिता.
सातपुड्याच्या पायथ्याशी, फाट्यावर एसटी सोडते,
पुढे केळीच्या बागांतून तीन किलोमीटर,
ठिबकच्या नळ्या ओलांडत,
बगलेत गुंडाळलेला तक्ता.
दोन खोल्या, चार वर्ग, एक फळा
ज्यावर खडू घसरतो, उमटत नाही.

घटक: वनस्पतीचे अवयव.
तक्ता मी रात्री दोनपर्यंत रंगवला होता:
केळीचं झाड, हिरवा बाण, "खोड".
शेवटच्या बाकावर बडगुजर सर, मांडीवर वही.
"सांगा बरं, केळीचं खोड कुठे आहे?"
(अपेक्षित उत्तर: विद्यार्थी तक्त्यावर बोट ठेवतील.)

खुमसिंग बारेला, तिसरी,
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग,
जे धुऊन जात नाहीत, काळे होत जातात.
त्यानं तक्त्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि उठून सरळ बाहेर गेला.
मी उजव्या रकान्यात शोधलं.
विद्यार्थी बाहेर जातील, असं कुठंच नव्हतं.

परत आला तेव्हा खांद्यावर
बांधावर टाकलेला, तोडलेला एक बुंधा, हातभर.
फरशीवर बसून सोलू लागला.
एक पदर. आत दुसरा. त्याच्या आत तिसरा.
सगळी पानंच,
एकमेकांना गच्च धरून उभी असलेली.
शेवटी हातात उरली
बोटाएवढी, पांढरट, गुंडाळलेली सुरळी.
तेही पान.

तो काहीतरी म्हणाला, त्याच्या बोलीत.
तो शब्द मी इथे लिहीत नाही,
मला अजून नीट म्हणता येत नाही.
वर्ग हसला. मला नसावा, असं वाटतं.
मग त्यानं टाच फरशीवर दोनदा आपटली:
खाली. खोड खाली आहे. मातीत.

मला आठवलं, पहिलीत मी म्हटलं होतं,
"माले समजनं नही,"
आणि पट्टी बसली होती. "माले नाही, मला."
तेव्हापासून शाळा नावाच्या कुठल्याही इमारतीत
मी माले म्हटलेलं नाही.
समजलं नाही, हेही फारसं नाही.

सरांचा शेरा: हेतुकथन ठीक.
आशयज्ञान अपुरे. वर्गनियंत्रण नाही.
वीसपैकी नऊ.

फाट्यावर एसटीची वाट बघताना
सर चपलेतला खडा काढत होते.
दोन वर्षांत पुस्तकी मराठीशिवाय
एक शब्द ऐकला नव्हता त्यांचा.
खाली बघतच म्हणाले,
"पोऱ्या खरं बोलना.
माले बी आजच समजनं."
गाडी आली. बसायला जागा नव्हती.
यावलपर्यंत आम्ही दांडा धरून गप्प उभे.

वही पुढच्या सोमवारी परत मिळाली.
त्या पाठाच्या उजव्या रकान्यात
माझ्या अंगठ्यानं लागलेला चिकाचा डाग,
तोवर चांगलाच काळा झालेला.
सरांनी लाल शाईनं
त्याच्याभोवती गोल केला आहे.
पुढे काही लिहिलेलं नाही.